स्वर्गाचं नाव सांगून विहीर बुजवू नका

प्रति,
आमच्या मंडळीची पंच कमिटी, पाळकसाहेब आणि मिशनच्या जागांचा कारभार बघणारे विश्वस्त यांना

प्रभूमध्ये सलाम.

पावसाळ्याच्या तोंडावर झालेल्या बैठकीत तुम्ही तीन ठराव केलेत. कंपाउंडमधली मिशनची जुनी विहीर बुजवायची. दोन कडुनिंब आणि चिंच काढून सगळ्या आवारात पेव्हिंग ब्लॉक टाकायचे. आणि चर्चच्या छपराचं पावसाचं पाणी विहिरीत सोडायची तरुण संघाची योजना फेटाळायची. ठराव पटले नाहीत म्हणून कुणी जाहीर पत्र लिहीत नाही. कमिटीशी भांडण आमच्या घरात पिढीजात आहे आणि ते घरातल्या घरात मिटवायची आम्हाला सवय आहे. मला लिहायला बसवलं ते तिसऱ्या ठरावाखाली इतिवृत्तात नोंदवलेल्या कारणानं. "ही पृथ्वी नाहीशी होणार आहे. मंडळीचा पैसा आत्म्यांच्या तारणासाठी आहे, मातीसाठी नाही." पुढच्याच रविवारी पाळकसाहेबांनी त्यावर उपदेशही दिला: आपण इथं भाडेकरू, आज ना उद्या खोली सोडणार, मग भिंतींना रंग कशाला काढायचा?

हे कारण एका कमिटीचं असतं तर मी गप्प राहिले असते. पण सोलापूर, जालना, बीड, कुठल्याही बाजूच्या पाहुण्यांशी बोला, असंच काहीतरी कानावर येतं. म्हणून पत्र तुम्हाला लिहिलं असलं तरी ते सगळ्यांनी वाचावं अशी इच्छा आहे.

आधी माझं नातं सांगते. माझा बाप्तिस्मा याच चर्चमध्ये झाला, लग्न इथंच लागलं. माझे मिस्टर गावाबाहेरच्या आपल्या दफनभूमीत आहेत. त्यांच्या मातीच्या दिवशी पुनरुत्थानाचं वचन वाचलं गेलं, त्याच्या आधारावर मी आजही सकाळी उठते. तेव्हा स्वर्ग, पुनरुत्थान या जुन्या समजुती आहेत असं म्हणणाऱ्यांतली मी नव्हे. मला स्वर्ग हवा आहे. तो तुम्ही ठरावाच्या तळटीपेत, काम टाळायचं कारण म्हणून वापरलात, याचा मला राग आहे.

दुसरं असं की माझी उभी नोकरी कृषी खात्यात गेली. कृषी सहायक म्हणून पाथर्डी-शेवगावकडच्या माळांवर नळीतल्या पाण्याची पातळी बघत समपातळी रेषा आखल्या, बायामाणसांबरोबर चर मोजले, बोअर आटल्यावर माणसं कशी बोलतात ते ऐकलं. पाण्याचा प्रश्न मला पुस्तकातून कळलेला नाही.

आणि तिसरी ती विहीर. तुम्ही तिला "धोकादायक खड्डा" म्हणता. काठाला अजून मोटेचं थारोळं शाबूत आहे, बैलांच्या धावेची उतरण गवतातही ओळखू येते, आतल्या दगडी पायऱ्यांतल्या खालच्या काही तेवढ्या ढासळल्या आहेत. आपल्यातल्या बहुतेकांच्या पणजोबांना गावच्या पाणवठ्याला शिवायची मुभा नव्हती. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह 1927चा. त्याच्या आगेमागे या जिल्ह्यात आपल्या माणसांनी कुणाच्या ओंजळीची वाट न बघता स्वतः पोहरा सोडून पाणी शेंदलं ते मिशनच्या विहिरींवर. बहात्तरच्या दुष्काळात सगळ्या आळ्यांतल्या बायका याच काठावर रांगेत उभ्या असायच्या, असं आई सांगायची. ज्यांना गावानं पाणी नाकारलं त्यांच्या नातवंडांनी ठराव करून पाणी बुजवायचं, आणि वर देवाचं नाव घ्यायचं, हे मला गिळवत नाही.

आता तक्रारी एकेक सांगते.

पहिली, तुम्ही वचन अर्धं वाचलंत. इतिवृत्तात पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातलं दहावं वचन दिलं आहे: आकाश मोठा नाद करत सरून जाईल, सृष्टितत्त्वं तापून विरतील. खरं आहे, तसं लिहिलं आहे. पण त्याच अध्यायात चार वचनं आधी पेत्र जलप्रलयाची आठवण देतो. तेव्हाचं जग पाण्यात बुडून नाश पावलं, असंच तो तिथंही म्हणतो. मग नोहा तारवातून उतरला तो कुठं? याच जमिनीवर. उतरल्यावर त्यानं वेदी बांधली आणि पुढे द्राक्षमळा लावला. (त्या द्राक्षांचं पुढे काय झालं ते आपण संडे स्कूलमध्ये घाईघाईनं उरकतो, ते असो.) तारवात माणसं आठ होती, बाकी सगळी जनावरं. इंद्रधनुष्य आभाळात ठेवून देवानं जो करार केला तो नोहाच्या घराण्याशी, आणि तितकाच पाखरांशी, गुराढोरांशी, पृथ्वीवरच्या प्रत्येक जिवंत प्राण्याशी. पेत्राच्या लेखी नाश म्हणजे काय, हे त्यानं स्वतःच दाखला देऊन सांगितलं आहे. पापानं माखलेलं धुऊन निघतं. देवानं केलेलं देव टाकून देत नाही.

आणि दहाव्या वचनानंतर अकरावं येतं: हे सगळं असं होणार आहे तर तुम्ही कशा प्रकारची माणसं असायला पाहिजे? तेराव्यात नव्या आकाशाची आणि नव्या पृथ्वीची वाट बघायला सांगितलं आहे, जिथं नीतिमत्त्व वास करतं. तुम्ही दहाव्यावर थांबलात.

प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचा शेवट मंडळीत आपण कितीदा वाचतो! योहानाला पवित्र नगरी दिसते ती स्वर्गातून खाली उतरताना. देवाचा मंडप माणसांजवळ येतो. शेवटच्या अध्यायात नदी आहे, तिच्या दोन्ही काठांना जीवनाचं झाड आहे, आणि त्याची पानं राष्ट्रांच्या आरोग्यासाठी आहेत. अकराव्या अध्यायात, न्यायाच्या वेळी, पृथ्वीची नासाडी करणाऱ्यांचा नाश करण्याची वेळ आली असं स्वर्गातले वडील म्हणतात. हे वचन या चर्चच्या व्यासपीठावरून मी आजवर ऐकलेलं नाही. पाळकसाहेब, तुम्ही एकदा त्यावर बोला, मी पहिल्या बाकावर येऊन बसेन.

आपलं नागरिकत्व स्वर्गात आहे, हे पौलाचं वाक्य कमिटीतले एक वडील नेहमी ऐकवतात. पौल ते कुणाला लिहितो? फिलिप्पैकरांना. फिलिप्पै ही रोमी वसाहत होती. ख्रिस्तपूर्व 42 सालच्या लढाईनंतर तिथं रोमच्या निवृत्त सैनिकांना जमिनी देऊन वसवलं होतं. त्यांचं नागरिकत्व रोमचं, पण त्यांना कुणी रोमला परत बोलावलं नव्हतं. रोमची रीत, रोमचा कायदा त्यांनी मासेदोनियात चालवावा म्हणून त्यांना तिथं ठेवलं होतं. तेव्हा स्वर्गाचं नागरिकत्व असलेल्यांनी आपल्या आवारात कुणाची रीत चालवायची, याचं उत्तर त्या वाक्यातच आहे. आपण दर रविवारी म्हणतोही: "जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो." स्वर्गात विहिरी बुजवतात असं कुठं लिहिलं असेल तर दाखवा.

भाडेकरूच्या दाखल्याचंही बघू. पृथ्वी व तिच्यावरील सर्वकाही परमेश्वराचं आहे, असं चोविसावं स्तोत्र म्हणतं. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात देव इस्राएलला बजावतो की जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे उपरे आहात. म्हणजे भाडेकरू हे बरोबरच आहे. पण त्याच अध्यायात त्या उपऱ्यांना सांगितलं आहे की सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्या. अटी मालकाच्या आहेत. आणि मालक परत येणार, ही आपल्या विश्वासातली मुख्य गोष्ट. मालक येणार म्हणून खोली घाण ठेवणारा भाडेकरू मी तरी बघितलेला नाही.

दुसरी तक्रार लहान आहे पण मनाला जास्त लागते. पृथ्वी जाणार हा नियम तुम्ही फक्त विहिरीला आणि झाडांना लावलात. पेव्हिंग ब्लॉकच्या कोटेशनमध्ये ठेकेदाराकडून गॅरंटी मागितली आहे. रस्त्याकडचे गाळे दीर्घ मुदतीच्या भाड्यानं द्यायचा विचार चालू आहे. मंडळीची मुदत ठेव आहे, तिचं दरवेळी नूतनीकरण होतं. ठेवीच्या वेळी प्रभूचं द्वितीयागमन कुणाला आठवत नाही. ठेव मोडा असं मी म्हणत नाही, शहाणपणाचंच आहे ते. पण पैशाला जो उद्या आहे तो पाण्याला का नाही, एवढं सांगा.

तिसरी तक्रार, आपण आपलेच लोक विसरलो. यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण हे ऐकणारी नवी पिढी समजते की ख्रिस्ती माणसानं माती-पाण्यात हात घालणं ही काहीतरी आजकालची फॅशन आहे.

पंडिता रमाबाईंचं नाव आपण पुनरुज्जीवनासाठी घेतो. 1905 साली दौंडकडच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुली तासन्‌तास प्रार्थनेत रडल्या, आत्म्याचा वर्षाव झाला, जगभर त्याची बातमी गेली. आपल्या जागृती सभांत येणारा प्रत्येक वक्ता हे सांगतो. त्याच मुक्तीत विहिरी खणल्या गेल्या, शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता, हे कुणी सांगत नाही. 1896-97च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी विधवा, मुली शेकड्यांनी घेऊन आल्या. 1900च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आणल्या. त्यांना आधी जेवू घातलं, मग काम शिकवलं, वाचायला शिकवलं. 1897च्या प्लेगात पुण्याच्या प्लेग इस्पितळात बायकांना जी वागणूक मिळत होती तिच्याविरुद्ध त्यांनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये जाहीर पत्र लिहिलं, सरकार रागावलं तरी. म्हणजे हे असं खुलं पत्र लिहिणंही आपल्यात नवं नाही. ज्या बाईला स्वर्गाची इतकी ओढ होती की हिब्रू-ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणेपर्यंत ती थांबली नाही, तिला विहीर खणणं आत्मिक कामाच्या आड आलं नाही.

आपल्याच जिल्ह्यातलं जामखेड. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथं आले. वेल्लोरला शिकलेले दोघं, कुठंही दवाखाना थाटू शकले असते. लोकांना विचारलं तर लोक म्हणाले, औषधाचं मग बघू, आधी पाणी आणि खायला. तेव्हा कूपनलिकांपासून सुरुवात झाली. मग शाळेचं तोंड न पाहिलेल्या गावोगावच्या बायकांना, त्यांत दलित बायका कितीतरी, त्यांनी आरोग्यसेविका केलं. बाळंतपण, लसी, झाडं लावणं, पाणी अडवणं, सगळं एकाच कामात. 1979 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामाचं मूळ कशात होतं हे त्यांनी कधी लपवलं नाही आणि कुणावर लादलंही नाही.

हर्मन बाखर नावाचे स्विस जेझुइट फादर नगरला आले आणि इथलेच झाले. या जिल्ह्यातल्या उघड्या डोंगरांवर पाणलोटाची कामं उभी राहिली त्यांत त्यांचा मोठा वाटा. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम त्यांच्या धडपडीतून आला. संगमनेर तालुक्यातलं दरेवाडी आमच्या खात्यातले लोक शिबिराला दाखवायला न्यायचे. आम्ही सरकारी माणसं चर कसे खणायचे ते शिकवत होतो, आणि फादरांच्या माणसांनी आधी गाव कसं एकत्र बसवायचं ते शिकवलं. चराई बंद, कुऱ्हाड बंद, हे नियम गावानं स्वतः केल्याशिवाय काम सुरू होत नसे.

वसईला फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. 2020 साली धाराशिवच्या, तेव्हाच्या उस्मानाबादच्या, साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, बायबलचे मराठी अनुवादक. त्यांनी आणि हरित वसई संरक्षण समितीनं हिरव्या पट्ट्यावर येणाऱ्या बिल्डरांच्या आणि टँकरच्या उपशाच्या विरोधात गावंच्या गावं उभी केली, धमक्या आल्या तरी. ते कॅथलिक, आपण नाही, म्हणून त्यांच्याकडून शिकायचं नाही असं ठरलं आहे का? पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली पृथ्वी हे आपलं सामाईक घर आहे असं सांगणारं परिपत्रक काढलं, तेव्हाही आपल्याकडे "ते त्यांचं" म्हणून विषय संपवला होता.

आणि रेव्हरंड टिळक? ज्यांची भजनं तुम्ही जागृती सभेला म्हणता त्यांना अख्खा महाराष्ट्र फुलामुलांचा कवी म्हणून ओळखतो. चिंच तोडायच्या ठरावावर सही करायच्या दिवशी तरी त्यांचं भजन गाऊ नका.

मग ही "सगळं जळणारच आहे" शिकवण आली कुठून? प्रेषितांकडून नक्कीच नाही. प्रभू येणारच म्हणून थेस्सलनीकात काहींनी कामधंदा सोडला तेव्हा पौलानं त्यांना सरळ सांगितलं की काम करायचं नसेल त्यानं खाऊही नये. मंडळीला गुपचूप वर उचलून नेलं जाईल आणि मागे राहील ते संकटात जाईल, हा तक्ता जॉन नेल्सन डार्बी यांनी 1830च्या सुमारास इंग्लंड-आयर्लंडकडे मांडला आणि 1909 साली निघालेल्या स्कोफील्डच्या टिपांच्या बायबलनं तो अमेरिकेत घरोघर पोचवला. तिथून तो कॅसेट, सीडी आणि आता मोबाइलवरून आपल्याकडे आला. स्कोफील्डच्याही आधी, 1844च्या 22 ऑक्टोबरला प्रभू येणार असं अमेरिकेतले उपदेशक विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी धरलं होतं. काहींनी शेतातलं पीक काढलंच नाही. 23 तारीख उजाडली, पीक शेतात आणि हिवाळा तोंडावर. शेतकऱ्याची मुलगी म्हणून मला त्या शेतांचं जास्त वाईट वाटतं.

न्यायानं दुसरी बाजूही सांगते. ख्रिस्ती लोकांवर या बाबतीत खोटेही आरोप झाले आहेत. शेवटचं झाड पडलं की ख्रिस्त येईल, असं राष्ट्राध्यक्ष रेगन यांचे मंत्री जेम्स वॉट म्हणाले, हे वाक्य अमेरिकेत वर्षानुवर्षं फिरलं. ते तसं म्हणालेच नव्हते. 1981 साली संसदेच्या समितीपुढे ते म्हणाले ते असं, की प्रभू येण्याआधी अजून किती पिढ्या आहेत मला ठाऊक नाही, पण जितक्या असतील तितक्यांना पुरेल असा कारभार केला पाहिजे. त्यांच्या धोरणांवर टीका करायला जागा खूप आहे, पण हे वाक्य तुमच्या इतिवृत्तापेक्षा कितीतरी बरं. 1967 साली लिन व्हाइट या इतिहासकारानं निसर्गाच्या नासाडीचा दोष पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारावर ठेवला तेव्हा आपले लोक चिडले. पण तो स्वतः ख्रिस्ती होता, आणि असिसीच्या फ्रान्सिसला पर्यावरणाचा पालक संत माना, असं त्याच लेखात सुचवून गेला. 1979 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तसं जाहीर केलंही. टीका ऐकून सुधारणारे लोक आपल्यातच होऊन गेले.

चौथी तक्रार तरुण संघाविषयी. त्या पोरांनी टेप धरून छप्पर मोजलं, 300 चौरस मीटर भरलं. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी. आपल्याकडचा पाऊस 500 मिलिमीटर धरला तर दीड लाख लिटर होतं. उडून, वाहून जाणारं पाचवा हिस्सा सोडा, तरी एक लाख वीस हजार उरतं. दहा हजार लिटरचे बारा टँकर. पन्हाळी, पाइप, पहिल्या पावसाचं मळकं पाणी बाहेर सोडायला एक व्हॉल्व्ह, आणि विहिरीशेजारी दगड-खडी-वाळूचा गाळणखड्डा. मी त्यांचा हिशोब दोनदा तपासला. खर्चाचा अंदाज गेल्या जागृती सभेच्या मांडवाच्या आणि साउंड सिस्टिमच्या बिलापेक्षा कमी आहे. आणि त्यांना उत्तर काय मिळालं? "हे जगिक आहे." योजना मांडणारा मुलगा त्यानंतर दोन रविवार आला नाही. तरुण मंडळीत टिकत नाहीत म्हणून तुम्ही उपवास प्रार्थना ठेवता. प्रार्थनेला मी येईन, पण कारण शोधायला फार लांब जायला नको.

पाचवी तक्रार झाडा-पाण्याची नाही, आणि खरं तर हीच पहिली लिहायला हवी होती. आपल्या मंडळीतली कितीतरी घरं सफाईच्या ठेक्यावर जगतात. मागे ठेकेदारानं पगार थकवला, हातमोजे-बूट दिले नाहीत, तेव्हा त्या लोकांनी कमिटीकडे एका पत्राची मागणी केली होती: मंडळीच्या लेटरहेडवर दोन ओळी, एवढंच. त्यांना सांगितलं गेलं की प्रभू बघतो आहे, स्वर्गात तुमचं प्रतिफळ मोठं आहे. ते खरंच मोठं असेल. पण ते सांगायचा अधिकार बूट घालून बसलेल्यांना नाही. 1968च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत मेम्फिसला सफाई कामगारांचा संप चालू होता. तिथं मार्टिन ल्यूथर किंग यांनी शेवटचं भाषण केलं. पलीकडच्या शुभ्र झग्यांविषयी बोलणं ठीक आहे, पण इथं लोकांना अंगावर कपडे आणि पायात जोडे हवे आहेत, आणि नव्या यरुशलेमाबरोबर देवाच्या सेवकानं नव्या मेम्फिसविषयीही बोललं पाहिजे, अशा अर्थाचं ते बोलले. दुसऱ्या दिवशी त्यांना गोळी घातली. त्याच भाषणात त्यांनी, मी डोंगरावरून वचनदत्त देश पाहिला आहे, असं म्हटलं होतं. स्वर्ग डोळ्यांसमोर असलेला माणूस सफाई कामगारांच्या संपात उभा होता. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात राजा मेंढरांना आणि शेरडांना वेगळं करतो तेव्हा काय विचारतो ते आपल्याला पाठ आहे. तान्हेल्याला पाणी, हे त्या यादीत दुसरं आहे.

तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात साथ आली तेव्हा तिथला बिशप दियोनिसियस लिहितो की आपले लोक आजाऱ्यांची सेवा करता करता स्वतः गेले. मरणाची भीती गेली होती म्हणून ते खाटेजवळ थांबू शकले. पुढे रोमचा सम्राट ज्युलियन कुरकुरतो की हे गालीली लोक, म्हणजे ख्रिस्ती, स्वतःच्या गरिबांना पोसतातच, वर आमच्याही गरिबांना पोसतात. ख्रिस्ती लोकांविषयी शत्रूनं केलेली इतकी चांगली तक्रार मला दुसरी माहीत नाही.

मंडळी म्हणजे एनजीओ नव्हे, असं तुम्ही म्हणाल. मान्य. प्रभुभोजन, उपदेश, आजाऱ्याच्या घरी प्रार्थना, हे गेलं तर मी स्वतः ओरडेन. पाणलोटाचा कार्यक्रम करून चर्चला टाळं लावणारेही मी बघितले आहेत, निधी संपला की कामही संपलं. प्रार्थना आणि गाळणखड्डा एका आवारात मावतात, केडगावला मावले होते.

माझ्या मागण्या अशा:

विहीर आणि झाडं यांबद्दलचे ठराव मंडळीच्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवेपर्यंत स्थगित करा. सभेची नोटीस नियमाप्रमाणे, सलग दोन रविवार वाचून दाखवा.

झाडांना हात लावण्याआधी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्या. 1975चा नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा चर्चच्या आवारालाही लागू आहे. 2021च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांवरची झाडं वारसा वृक्ष धरली जातात. आपली चिंच माझ्या आईच्या लहानपणीही मोठीच होती.

विहीर बुजवू नका. धोका आहे हे खरं, पोरं खेळतात. कठडा बांधा, वर जाळी बसवा, गाळ काढा. तरुण संघाची योजना या पावसाळ्यात जमली नाही तर पुढच्याआधी पुरी करा, आणि तिच्या हिशोबाला संघाचेच दोघं ठेवा. आवारात ब्लॉक घालायचेच असतील तर गाडीवाटेपुरते घाला, बाकी माती उघडी राहू द्या.

मिशनच्या जमिनींपैकी काय विकलं, काय भाड्यानं दिलं, किती आलं, याचा लेखी हिशोब वार्षिक सभेत वाचा. त्या जमिनी आपल्याला सांभाळायला मिळाल्या आहेत.

ठेक्यावरच्या सफाई कामगारांच्या मागणीला मंडळीचं पाठिंब्याचं पत्र द्या. दोन ओळी पुरतील.

आणि पाळकसाहेब, पहिली सप्टेंबर ते चार ऑक्टोबर या दिवसांत जगभरातल्या पुष्कळ मंडळ्या सृष्टीसाठी प्रार्थना करतात. 1989 साली ऑर्थोडॉक्स पंथाच्या प्रमुखांनी पहिली सप्टेंबर हा दिवस ठरवला, मग बाकीचे सामील झाले. या वर्षी त्यातला एक रविवार द्या. पेत्राच्या दुसऱ्या पत्राचा तिसरा अध्याय पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा आणि त्यावर बोला. तुमचं म्हणणं माझ्या म्हणण्यापेक्षा वेगळं निघालं तरी चालेल, अख्खा अध्याय वाचला गेला पाहिजे.

ब्लॉकवाल्याची गाडी पुढच्या आठवड्यात येणार असं कळतं. त्याआधी लेखी उत्तर मिळावं. न मिळाल्यास वृक्ष प्राधिकरणाकडे मी हरकतीचा अर्ज देणार आहे. तुमच्या पाठीमागे केलं असं होऊ नये म्हणून त्याची प्रत या पत्राला जोडली आहे. तरुण संघाची योजना कमिटीच्या फायलीत सापडत नसल्याचं सेक्रेटरी म्हणाले. तिची झेरॉक्सही सोबत आहे, नकाशासकट.

आपली,
मंडळीची एक सभासद
(निवृत्त कृषी सहायक)